रक्ताचे नाते आणि पेशींवरील खुणा
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आरंभीच एक गोष्ट सांगून टाकणे बरे. मी डॉक्टर नव्हे, शास्त्रज्ञ तर नव्हेच. जुनी अकरावी मॅट्रिक झालो आणि पुढे ३४ वर्षे प्राथमिक शाळेत गणित व मराठी शिकवीत राहिलो. अशा मनुष्याने शरीरशास्त्रातील एका गहन विषयावर बोलावे, हे कोणास धारिष्ट्य वाटल्यास त्यात नवल नाही. परंतु हा विषय मी हौसेने शिकलो नाही. तो मला रुग्णालयाच्या व्हरांड्यातील बाकावर बसून शिकावा लागला. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी माझे प्रश्न न कंटाळता ऐकून घेतले, कागदावर आकृत्या काढून दाखविल्या, आणि पुढे मी मिळतील ती पुस्तके वाचीत गेलो. जे नीट उमगले तेवढेच सांगणार आहे.

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा २०१७ साली १६ वर्षांचा असताना रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडला. औषधांनी आजार हटला. घरी सत्यनारायण झाला, पेढे वाटले. वर्षभराने तो पुन्हा उलटला. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की, आता याच्या हाडांतील मज्जाच बदलावी लागेल. दुसऱ्या कोणाची तरी निरोगी मज्जा याच्या देहात रुजवावी लागेल. ही वार्ता गावी पोहोचताच दोन दिवसांत आमच्या भावकीतील २२ माणसे रुग्णालयाच्या दाराशी येऊन उभी राहिली. कोणी शेतातील कामे टाकून आला होता, कोणी रजा काढून. सर्वांचे म्हणणे एकच: माझे घ्या. मी स्वतः तर सर्वांच्या पुढे होतो, कारण माझा रक्तगट ‘ओ’ आणि पोराचाही ‘ओ’. मी छाती पुढे काढून म्हणालो, “डॉक्टर, आमचे रक्त जुळते.” त्या म्हणाल्या, “गुरुजी, रक्तगट जुळला म्हणजे रक्त देता येते. मज्जेला ती जुळणी लागतच नाही. तिला वेगळीच लागते.”

रक्तगट आपणां सर्वांस ठाऊक आहेत. व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर ह्या शास्त्रज्ञाने ते १९०१ साली जगापुढे मांडले व त्याबद्दल त्यांस १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या शास्त्रात आपल्या मुंबईचेही नाव कायमचे कोरले गेले आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा व्यक्ती शोधून काढल्या की, ज्यांचे रक्त ‘ओ’सारखे दिसे, पण ज्यांना ‘ओ’चे रक्तही चालत नसे. त्या गटास जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट असेच म्हणतात, आणि शहराचे नाव बदलले तरी गटाचे बदललेले नाही. पण रक्तगट ही तांबड्या पेशींवरील ओळख. तिचे प्रकार थोडे, म्हणून जुळणी सोपी. देहातील इतर बहुतेक पेशींवर याहून कितीतरी सूक्ष्म अशी दुसरी ओळख असते आणि आमचे घोडे तेथे अडले होते.

ही दुसरी ओळख मनुष्यास कळली कशी, ही हकिगत मोठी वाचनीय आहे. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या जखमींवर दुसऱ्याची कातडी लावून पाहत असत. ती काही दिवस धरे आणि मग गळून पडे. पीटर मेडावर ह्या इंग्रज संशोधकाने ग्लासगो येथे गिब्सन नावाच्या शल्यविशारदासमवेत एका भाजलेल्या बाईच्या अंगावर तिच्या सख्ख्या भावाच्या कातडीचे तुकडे लावले. ते गळाले. पुन्हा लावले, तर पहिल्याहून लवकर गळाले. देहाने परक्यास ओळखले, एवढेच नव्हे तर लक्षातही ठेवले, असा त्याचा अर्थ. हे १९४३ साली प्रसिद्ध झाले. लक्षात घ्या, कातडी भावाची होती.

मग १९५४ साली २३ डिसेंबर रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी रिचर्ड हेरिक ह्या तरुणास त्याचा भाऊ रोनाल्ड याचे मूत्रपिंड बसविले आणि ते चालले. रिचर्ड पुढे आठ वर्षे जगला, त्याने लग्न केले, त्यास मुली झाल्या. येथे भावाचे कसे चालले? तर हे दोघे एकरूप जुळे होते. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्यास लावून तो टिकतो की नाही, हे पाहूनच पुढचे पाऊल टाकले होते.

पण जुळे भाऊ कितीजणांस असतात? इतरांचे काय? ह्याचा धागा रक्ताच्या पांढऱ्या पेशींत सापडला. पॅरिस येथील जाँ दोसे यांनी पाहिले की, ज्यांना पुष्कळ वेळा दुसऱ्याचे रक्त दिलेले असते, त्यांच्या रक्तजलात काही परक्या माणसांच्या पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या होतात, काहींच्या होत नाहीत. १९५८ साली त्यांनी अशी पहिली खूण जाहीर केली. त्याच वर्षी हॉलंडमधील व्हॅन रूड आणि अमेरिकेतील रोझ पेन ह्या बाई यांना असे आढळले की, ज्या स्त्रियांची अनेक बाळंतपणे झाली आहेत, त्यांच्या रक्तातही हीच शक्ती असते. पोटातील मूल निम्मे बापाचे. त्या निम्म्याची ओळख आईचे रक्त टिपून ठेवते. जगातील प्रयोगशाळांनी पुढे कित्येक वर्षे ह्या खुणा ओळखण्यासाठी लेकुरवाळ्या मातांचेच रक्तजल वापरले. ह्या खुणांच्या गटास एचएलए असे नाव आहे. दोसे यांस ह्या कार्यासाठी १९८० चे नोबेल विभागून मिळाले.

निसर्गाने ह्या खुणा आपल्या डॉक्टरांस त्रास व्हावा म्हणून केलेल्या नाहीत. मला समजले ते असे. प्रत्येक पेशी आपल्या आत काय चालले आहे याचे नमुने, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे, ह्या एचएलएच्या तबकांत ठेवून बाहेर दाखवीत असते. रक्तातील पहारेकरी पेशी ती तबके तपासत हिंडतात. तबक घरचे आणि आतील तुकडाही घरचा, तर पुढे जातात. तबकात एखाद्या विषाणूचा तुकडा दिसला, तर ती पेशी मारून टाकतात. डोहर्टी व झिंकरनागेल यांनी ऑस्ट्रेलियात हे १९७४ च्या सुमारास उलगडले. आता तबकच परके असेल तर पहारेकऱ्यांनी काय करावे? ते आपले काम करतात. मज्जेच्या बाबतीत तर आणखी एक संकट असते. मज्जा ही पहारेकरी निर्माण करणारीच जागा. तेथे दाता परका असेल तर त्याच्याकडून आलेले पहारेकरी रुग्णाचा संपूर्ण देहच परका समजून त्याच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडतात. पाहुण्याने घर बळकावून यजमानास हुसकावे तसे. मूत्रपिंडाच्या रोपणात थोडी तफावत औषधांनी निभावून नेता येते. १९८० नंतर सायक्लोस्पोरिन नावाचे, मातीतील बुरशीपासून काढलेले औषध आल्यावर ते पुष्कळच सुकर झाले. मज्जेला मात्र जुळणी काटेकोर लागते.

आता हिशेब. येथे मी माझ्या प्रांतात येतो, तेव्हा दोन मिनिटे फळ्यापुढे बसल्यासारखे ऐका. एचएलएच्या खुणा आपल्या गुणसूत्रांच्या सहाव्या जोडीवर अगदी जवळजवळ बसलेल्या असतात, म्हणून त्या सहसा एका गाठोड्यात बांधल्याप्रमाणे एकत्रच पुढच्या पिढीस जातात. प्रत्येकाजवळ अशी दोन गाठोडी: एक आईकडून, एक बापाकडून. बापाजवळची दोन ‘क’ आणि ‘ख’, आईजवळची ‘ग’ आणि ‘घ’ असे समजा. तर मुले चारच प्रकारची होणार: कग, कघ, खग, खघ. म्हणजे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. निम्मे जुळण्याची दोन. मुळीच न जुळण्याचीही चारांत एक! सख्खा भाऊ, एका ताटात जेवलेला, आणि पेशींच्या दृष्टीने संपूर्ण परका. आईबाप मात्र नेहमी निम्मे जुळतात. काका-मामांची गोष्ट तर त्याहूनही दूरची. निम्मे तरी जुळेल की नाही, तेच नाणेफेकीवर. भावकीतील आम्ही २२ जण का परत पाठविले गेलो, ते मला त्या कागदावर कळले.

आमच्या पोरास एक बहीण व एक भाऊ. बहीण निम्मी जुळली, भाऊ मुळीच नाही. त्याचे तोंड मला अजून आठवते. तो १२ वर्षांचा होता आणि आपण काहीतरी अपराध केला असे त्यास वाटत होते. मी त्यास कखगघ मांडून दाखविले. एकाशी तरी पूर्ण जुळण्याची शक्यता दोन भावंडे असता १६ पैकी ७ म्हणजे निम्म्याहूनही कमी होती, हे त्यास पटले. पाच भावंडे असती तर ती चारांत तीनच्या घरात गेली असती. माझ्या वडिलांना सहा भावंडे होती. आज ह्या सभागृहात किती घरांत एकुलते एक मूल आहे, ते आपणच मनाशी मोजा. मी घरे मोठी करा असे सांगत नाही, तो काळ गेला. हिशेब तेवढा सांगतो.

मग घराबाहेर शोधावयाचे. १९७१ साली जन्मलेल्या अँथनी नोलन नावाच्या एका बालकास असाच जन्मजात रक्ताचा विकार होता व घरात कोणी जुळत नव्हते. त्याची आई शर्ली हिने १९७४ साली लंडन येथे अशी एक नोंदवही सुरू केली की, जिच्यात परक्या, निरोगी माणसांनी आपल्या खुणा आधीच लिहवून ठेवाव्यात. अँथनीस दाता मिळाला नाही; तो १९७९ साली गेला. नोंदवही राहिली. आज अशा नोंदवह्या अनेक देशांत आहेत आणि त्या एकमेकींस जोडलेल्या असून त्यांत एकूण चार कोटींहून अधिक नावे आहेत. आपल्या देशातही अशा नोंदवह्या आहेत, मात्र त्यांतील नावे काही लाखांच्या घरात. १४० कोटींचा देश! मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली भारतातील पहिले मज्जारोपण झाले. कौशल्य आपल्याकडे ४० वर्षांहून अधिक काळ आहे, ते देशात पसरलेही आहे. उणीव नावांची आहे.

कोणी म्हणेल, जगात चार कोटी नावे आहेत, मग त्यांतून मिळेल की. येथेच ह्या विषयाचा आणि आपल्या सभेचा संबंध येतो. एचएलएचे आजवर ४० हजारांहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत, आणि त्यांची गाठोडी प्रदेशाप्रदेशांत निरनिराळी बांधलेली असतात. युरोपातील माणसांत जे गाठोडे वारंवार दिसते, ते आपल्याकडे विरळा; आपल्याकडचे तिकडे विरळा. म्हणून जर्मनीतील नावांचा आपल्या मुलास फारसा उपयोग नाही. त्यातही शतकानुशतके आपसांतच सोयरीक करीत आलेल्या समूहांत तीच ती गाठोडी फिरत राहतात; तेव्हा आपल्यासारख्यांस जुळणारा दाता आपल्याच मुलखात, आपल्यासारख्यांत मिळण्याचा संभव अधिक.

हे वाक्य मी मागे एका घरगुती बैठकीत बोललो, तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ प्रसन्न होऊन म्हणाले, “म्हणजे गुरुजी, आपल्या ज्ञातीचे रक्त निराळे, हे शास्त्रानेही मान्य केले!” त्यांचा मान राखून मला नाही म्हणावे लागले, आणि येथेही म्हणतो. कोणत्याही ज्ञातीची स्वतःची अशी एकही खूण नाही. जी खूण आपल्यात आहे ती शेजारच्या आळीत आहे, घाटाखाली आहे, बंगालातही आहे. प्रमाण तेवढे कमीअधिक. २०१३ साली हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या आणि अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी ७० हून अधिक समूहांची तपासणी करून असे दाखविले की, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी ह्या देशातील जवळजवळ सर्वच समूह एकमेकांत मिसळत होते. आपसांतच लग्ने करण्याची चाल त्यानंतर दृढ झाली. भिंत जुनी आहे, पण घर तिच्याहून जुने आहे. आपली नावे वहीत गेली तर ती आपल्याच मुलास उपयोगी पडतील असे नव्हे; कोणाच्याही पडतील, आणि कोणाची आपल्यास. वहीत ज्ञातीचा नियम चालत नाही.

आता जे सांगावयाचे ते थोडे जड आहे. २०१४ साली ह्याच संमेलनाचा मी चिटणीस होतो. आपल्यापैकीच एका तरुण डॉक्टरांनी पत्र लिहिले होते की, संमेलनास इतके तरुण जमतात तर एका कोपऱ्यात नोंदणीचे मेज मांडू द्यावे. मी ते पत्र सभेपुढे ठेवलेच नाही. कार्यक्रम भरगच्च आहे, आनंदाच्या दिवशी आजाराच्या गोष्टी नकोत, मुलींच्या आयांना शंका येतील, अशी कारणे मी मनाशी जुळविली आणि ‘पुढील वर्षी पाहू’ असे कळविले. पुढील वर्षी मी पाहिले नाही. त्या मेजावर आमच्या पोराचा दाता नोंदला गेला असता, असे मी म्हणत नाही. शक्यतेचा हिशेब मला कळतो. पण २०१८ साली त्या बाकावर बसलो असता ते पत्र मला दररोज आठवे.

आणि वहीत एक नाव मिळाले होते. दहापैकी दहा जुळणारे. नियमाप्रमाणे दाता व रुग्ण यांस एकमेकांची नावे कळू देत नाहीत, म्हणून तो कोण, कोणत्या गावचा, कोणत्या ज्ञातीचा, हे आम्हांस ठाऊक नाही. तरुण पुरुष आहे, एवढेच कळले. बंधूंनी आनंदाने रात्री फोन केला, “दादा, मिळाला.” आठ दिवसांनी निरोप आला की, दात्याने माघार घेतली, घरच्यांची संमती नाही. मी त्या घरच्यांस दोष कोणत्या तोंडाने देऊ? मीही चार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी घरचाच होतो.

घरच्यांचे भय बहुधा अज्ञानाचे असते, म्हणून ते फेडतो. हाडे फोडावी लागत नाहीत. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, बस्स. पुढे जुळणी झाली, आणि ती कित्येकांची जन्मात होतही नाही, तर बहुधा पाच दिवस टोचून घेण्याचे औषध देतात. त्याने मज्जेतील बीजपेशी रक्तात उतरतात, आणि मग एका हातातून रक्त यंत्रात नेऊन, बीजपेशी वेगळ्या काढून, उरलेले दुसऱ्या हातात परत सोडतात. याला काही तास लागतात. त्या दिवसांत अंग दुखते, डोके दुखते; ते लपविण्याचे कारण नाही. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात. कधी कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतात, तेव्हा भूल देतात. मुलीचे लग्न, पुढे मूल होणे, पुरुषाची ताकद, यांपैकी कशासही याने बाध येत नाही.

आमच्या पोराचे पुढे काय झाले, हे विचारण्यापूर्वीच सांगतो. गेल्या काही वर्षांत निम्म्या जुळणीवरही रोपण करण्याची पद्धत निघाली आहे. रोपणानंतर ठराविक दिवशी एक जहाल औषध देऊन ते तुटून पडणारे पहारेकरी निवडून मारतात. त्याप्रमाणे त्यास त्याच्या वडिलांची मज्जा दिली. तो वाचला. सोपे गेले नाही. नव्या पहारेकऱ्यांनी त्याच्या कातडीवर व तोंडात दोन वर्षे उच्छाद मांडला, त्यास तिखट खाता येईना, उन्हात जाता येईना. आता तो नोकरी करतो. एक गंमत झाली आहे: त्याचा रक्तगट ‘ओ’ होता, माझ्यासारखा, तो आता वडिलांसारखा ‘बी’ झाला आहे. म्हणजे ज्या जुळणीच्या बळावर मी छाती पुढे काढली होती, ती आता उरलेली नाही.

ह्या वर्षी कार्यकारी मंडळाच्या अनुमतीने सभागृहाच्या डाव्या व्हरांड्यात नोंदणीचे मेज मांडले आहे. सामान्यतः वय १८ ते ५० असावे, म्हणून मी स्वतः बाद आहे. तेथे नोंदवहीकडून आलेल्या डॉक्टरीणबाई बसल्या आहेत. शंका असतील त्या सर्व त्यांस विचाराव्यात, घरच्यांनाही समवेत न्यावे, आणि वेळ आल्यास मागे हटणार असे वाटत असेल तर आज नाव देऊ नये. त्यात कमीपणा नाही. कोणाचे तरी बंधू ‘मिळाला’ म्हणून फोन करणार असतात. काल सायंकाळी माझ्या धाकट्या पुतण्याने, त्या न जुळलेल्या भावाने, पहिला नमुना दिला. तो आता १९ वर्षांचा आहे.

भोजनाची पाने मांडली जात आहेत असा निरोप आला आहे, तेव्हा मी थांबतो.